गच्चीचा नंबर

मार्च लागला, ऊन जरा चटका द्यायला लागलं, की घरात कुठेतरी गहू भिजत घातलेत असं मला वाटायला लागतं. घातलेले नसतात. आता आम्ही खराडीला लेकीजवळ राहतो, बाराव्या मजल्यावर, आणि इथे कुरडया तयार मिळतात. पारदर्शक पिशवीत, वर ‘घरगुती’ असं छापलेल्या. ज्या वस्तूवर घरगुती असं छापावं लागतं ती नक्की कोणाच्या घरची, असं मी एकदा दुकानदाराला विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान घ्यायला लागला.

या इमारतीला गच्ची आहे. भली मोठी आहे. पण तिला कुलूप आहे, आणि ते उघडून हवं असेल तर मोबाइलवर सोसायटीचं अ‍ॅप उघडून त्यात अर्ज करावा लागतो. मी एकदा करायला गेले. त्याने आधी माझा फोटो मागितला, मग मी कुठे आहे ते मागितलं, मग माझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर बघू का म्हणून विचारलं. अरे बाबा, मला चार साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायच्यात. त्यासाठी माझ्या भावजयीचा नंबर तुला कशाला? मी नको म्हणून दाबलं, तर ते गप्पच झालं. पापड्या मी बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवर ताट ठेवून वाळवल्या. एका बाजूने वाळल्या.

मी संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत. मला मुळात संशय यंत्राचा नसतोच, ते कोणीतरी बनवलेलं असतं त्या माणसाचा असतो. पण एका वर्षी, याच दिवसांत, माझा हा संशय माझ्याच घरात येऊन बसला आणि तिथेच राहिला. त्याची आठवण या महिन्यात पार्किंगच्या सोडतीवरून झाली.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत राहायचो. इमारत तशी नवी होती, चार मजली, लिफ्ट नव्हती. आठ बिऱ्हाडं आणि वर एक गच्ची. पेठेत ऊन सरळ अंगणात पडेल अशी जागा उरलेली नव्हती, त्यामुळे गच्ची म्हणजे आमचं सोनं होतं. मार्च ते मे तिथे वाळवणं चालायची. सगळ्यांनी एकदम घातली तर पाय ठेवायला जागा राहिली नसती, म्हणून प्रत्येक घराला दहा दिवस गच्ची मिळायची. कोणाचा नंबर कधी, ते फेब्रुवारीतच ठरवावं लागे, कारण कुरडईचं काम लहरीवर होत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी ऊन तापायच्या आत शिजवून घालायला घ्यायचा. गव्हांना आज नको, परवा या, असं सांगता येत नाही.

पहिला नंबर सगळ्यांना हवा असायचा. मार्चचं ऊन कोरडं, वारा बेताचा, आभाळ स्वच्छ. शेवटचा नंबर म्हणजे मेचा मधला आठवडा. तेव्हा दुपारी धुळीची वावटळ यायची आणि चारच्या सुमारास आभाळ भरून यायचं. आदल्या वर्षी तो माझ्या वाट्याला आला होता. तांब्याभर पाणी कोणी वरून ओतावं तसा वळीव आला आणि माझ्या सगळ्या कुरडयांचा लगदा झाला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून रडले होते, आणि ‘हे’ ओल्या प्लॅस्टिकच्या कागदाची चारी टोकं धरून तो लगदा खाली आणत होते. कमलवहिनींनी, म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडातल्या माझ्या मैत्रिणीने, न बोलता आपल्या निम्म्या कुरडया डब्यात भरून माझ्याकडे आणून ठेवल्या. माझ्या घरी त्या वर्षभर पुरल्या.

कमलवहिनी मूळच्या अकोल्याच्या, लग्न होऊन पेठेत आलेल्या. आमची जोडी होती. चीक गुठळ्या न होऊ देता शिजवायचा तर माझा हात, आणि सोऱ्या दाबायचा तर त्यांचा. गरम चिकाने भरलेला सोऱ्या दाबणं म्हणजे खांदे उतरतात, पण त्यांच्या हातून सुरेख गोल, सारख्या वेटोळ्यांच्या कुरडया पडायच्या. मधेच वाटीत चीक घेऊन त्यावर तेल-तिखट घालून उभ्याउभ्याच खायचा. त्याच्यासारखं काही मी नंतर खाल्लेलं नाही.

नंबर आधी चिठ्ठ्या टाकून ठरायचे. स्टीलच्या वाटीत घड्या घातलेल्या आठ चिठ्ठ्या आणि उचलायला इमारतीतलं सगळ्यात लहान मूल. पण त्यावरही कुजबुज व्हायचीच. चिठ्ठी जाड घातली होती, मुलाला खुणावलं, ते मूल ज्यांच्याकडे दिवसभर खेळतं त्यांचाच नंबर बरा पहिला आला. ही कुजबुज माझ्या वळिवाच्या वर्षी फारच झाली, आणि तिच्यातूनच ‘ह्यांना’ कल्पना सुचली.

‘हे’ बँकेत होते. कंप्युटर येणार म्हटल्यावर दंडाला काळी फीत लावून फाटकाशी घोषणा देणाऱ्यांत हेही होते. मग सरकारचं धोरण बदललं, बाजार खुला झाला, बँकेने काही जणांना शिकायला पाठवलं, त्यात यांचं नाव आलं. जाताना तोंड एवढंसं करून गेले आणि आठवड्याने परत आले ते नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखे. फीत कुठे गेली ते मी विचारलं नाही. काही महिन्यांनी सुटे भाग जोडून केलेला एक कंप्युटर आमच्या घरात आला आणि शिलाई मशीन होतं त्या कोपऱ्यात बसला. मी जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्या अक्षता बटणांच्या फटीत गेल्या आणि हे टाचणी घेऊन दुपारभर एकेक दाणा काढत बसले होते.

त्या वर्षी पेठेत प्रत्येकाला या विषयावर मत होतं. तळमजल्यावरचे नाना म्हणायचे, टीव्हीला टाइपरायटर जोडलाय, त्यात एवढं काय. कोणी म्हणे त्याला एसी लागतो, नाहीतर तो तापून फुटतो. कोणी म्हणे त्यातून किरण येतात आणि डोळे जातात. आमच्या खोलीत येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढायचाच, पण मोजेही काढायचा. दुसऱ्या मजल्यावर एका मुलाच्या मामाने दुबईहून व्हिडिओ गेम आणला होता. तो टीव्हीला जोडून पोरं चालू करायची, चाललं नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. त्या मुलाची आई दर पाच मिनिटांनी येऊन टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायची, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. गेमने पिक्चर ट्यूब जाते हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणी सांगितलं होतं, ते ठाऊक नव्हतं. पुढे ट्यूब गेली नाही, पण मुलगा नापास झाला, आणि तिने त्याचा दोष त्या डब्यालाच दिला.

तर ‘ह्यांनी’ जाहीर केलं की या वर्षी गच्चीचे नंबर कंप्युटर काढेल. म्हणाले, यंत्राला कोणी नात्यातलं नाही. हे वाक्य सगळ्यांना पटलं. त्यामागचं कारण मला एकटीला ठाऊक होतं. बँकेत लवकरच सगळं यंत्रावर जाणार होतं, आणि चाळिशी उलटलेल्या माणसांना ते जमणार नाही असं तिथली तरुण पोरं तोंडावर म्हणत होती. ‘ह्यांनी’ वहीत आकडे मांडून, खोडून, स्वतःच्या डोक्याने तो प्रोग्राम लिहिला होता. त्यांच्या आयुष्यातला पहिला. चालतो का ते बघायला माझ्या माहेरच्यांची नावं घालून एकदा करून बघितलं होतं आणि चालला होता. आता तो आठ घरांसमोर चालायला हवा होता.

रविवारी सकाळी सगळ्या बायका आमच्या बाहेरच्या खोलीत जमल्या. दाराशी चपलांचा ढीग. कंप्युटर सुरू झाला, फ्लॉपीची तबकडी घातल्यावर त्याच्या पोटात करकर झालं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. ‘ह्यांनी’ खोल्यांच्या क्रमाने आडनावं घातली, इंग्रजीत, एकेका बोटाने. आमची खोली तिसरी, म्हणून आमचं नाव तिसरं. कमलवहिनींचं चौथं. मग ‘ह्यांनी’ एक बटण दाबलं आणि यादी उमटली.

पहिलं नाव आमचं होतं. शेवटचं कमलवहिनींचं.

कमलवहिनी म्हणाल्या, “छान.” पुण्यात राहिलेल्या माणसाला या ‘छान’चा अर्थ सांगावा लागत नाही.

‘ह्यांनाच’ ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, शंका नको, मी परत काढतो. कोणी मागितलं नव्हतं, आपणहून म्हणाले. यंत्र बंद केलं, सुरू केलं, पुन्हा करकर, पुन्हा आठ आडनावं एकेका बोटाने, पुन्हा बटण. यादी आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत हुबेहूब तीच.

‘हे’ वळून सगळ्यांकडे बघून हसले. तो चेहरा मला अजून दिसतो. सगळा जन्म बँकेत गेलेला माणूस. बेरीज एकदा केली, परत केली, दोन्हीकडे आकडा तोच आला की बरोबर, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणाले, “बघा, अगदी तेच आलं. म्हणजे चूक नाही.”

मग कमलवहिनींनी अगदी शांतपणे विचारलं, “भावोजी, चिठ्ठ्या दोनदा टाकल्या तर दोन्ही वेळा त्याच क्रमाने येतात का?”

‘हे’ वळून पडद्यावरची यादी पुन्हा वाचायला लागले. कमलवहिनी उठल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पहिला नंबर हवा होता तर तसं सांगायचं. मी दिला असता.”

त्यांनी दिलाही असता. म्हणूनच ते इतकं लागलं.

भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आमच्याकडे भांडण होत नाही, माणसं सभ्य होतात. कोणी म्हणालं नाही की परत चिठ्ठ्या टाकू. सगळ्यांनी ती यादी निमूट पाळली, आणि ती पाळणं हाच त्यांचा निषेध होता. जिन्यात भेटलं की ‘काय, कसं काय’ व्हायचं. कमलवहिनी मला ‘अगं’ म्हणायच्या, त्या ‘अहो’ म्हणायला लागल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी गच्चीवर गेले. ऊन अगदी हवं तसं. चीक छान शिजला. सोऱ्या दाबायला कोणी नव्हतं. तेव्हा ‘हे’ बँकेत रजा टाकून, बनियनवर, वर आले आणि सोऱ्या हातात घेतला. यांच्या हातून पडलेल्या कुरडया कुरडया नव्हत्याच. कुठे लांबोडकं, कुठे गोळा, कुठे शेपूट. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या आणि यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला रडू येत होतं, आणि रागही, आणि कोणाचा ते कळत नव्हतं.

कारण खरं सांगायचं तर संशय मलाही होताच. आदल्या वर्षी मी जिन्यात बसून रडले ते ‘ह्यांनी’ बघितलं होतं. माणसाने बायकोसाठी तेवढं केलं असेल तर? सरळमार्गी माणूस, पण केलं असेल. मला ते थोडं आवडलंही होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि हो म्हणाले असते, तर कमलवहिनींना कोणत्या तोंडाने भेटले असते मी?

‘ह्यांनी’ त्या दिवसानंतर कंप्युटरवरचं कव्हर काढलं नाही. मी आठवड्याला धूळ झटकायचे, कव्हराची. दिवाळीनंतर तो एका क्लासवाल्याने नेला आणि शिलाई मशीन आपल्या जागी परत आलं. बँकेत सगळं यंत्रावर गेलं. ‘हे’ शिकले, चांगलंच शिकले, निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. पण यंत्राने काढलेलं व्याज कागदावर पेनने पुन्हा काढून बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत. बरोबरची मुलं हसायची. मीही सांगायचे सगळ्यांना, यांचा यंत्रावर विश्वासच नाही. हे ऐकून घ्यायचे.

कमलवहिनी पुढे कोथरूडला गेल्या. लग्नाकार्यात भेट व्हायची. ओटी भरायच्या, चौकशी करायच्या, अहो म्हणायच्या. तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. आमची मुक्ता तेव्हा शाळेत होती, तिला एवढंच आठवतं की घरात कंप्युटर होता आणि त्याला हात लावू देत नव्हते. तरी ती कंप्युटरचंच शिकली आणि इथे खराडीत, आमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या काचेच्या इमारतींपैकी एकीत, दिवसभर त्याच्याच पुढे बसते.

तर आता पार्किंगची सोडत. यंत्राने काढलेली, म्हणून निःपक्षपाती, असं सोसायटीने लिहून कळवलं होतं. यादी लागल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की महिन्यापूर्वी चाचणी म्हणून काढलेली यादी आणि ही यादी, दोन्ही एकच. ग्रुपवर गदारोळ झाला. सेटिंग आहे, कमिटीने आपल्या माणसांना सावलीतल्या जागा दिल्या. मी रविवारी सकाळी चहा घेताना मोठ्याने वाचून दाखवत होते. मला अर्थातच कमिटीचा संशय होता.

मुक्ता हसायला लागली. म्हणाली, सेटिंग नाही गं आई, ज्याने लिहिलंय तो कच्चा आहे. यंत्राला मनाने काही उचलता येत नाही. त्याच्यापाशी आकड्यांची एक लांबलचक रांग असते, उलटसुलट वाटावी अशी. तिच्यात कुठून सुरुवात करायची ते सांगितलं नाही, तर ते दर वेळी पहिल्यापासूनच सुरू करतं. मग यादी तीच येणार.

‘ह्यांनी’ कप खाली ठेवला. “दर वेळी?”

“दर वेळी, बाबा.”

“बंद करून परत सुरू केलं तरी?”

“तेव्हा तर नक्कीच.”

“जुन्या मशीनवरसुद्धा?”

मुक्ता म्हणाली, तेव्हापासूनच आहे हे, पण तुम्ही एवढं का विचारताय? ‘हे’ म्हणाले, करून दाखव. तिने लॅपटॉप आणला, दहा मिनिटं काहीतरी लिहिलं आणि विचारलं, कुठलीही आठ नावं सांगा. ‘ह्यांनी’ सांगितली. कसब्यातल्या आठ बिऱ्हाडांची आडनावं, खोल्यांच्या क्रमाने, न अडखळता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तिने बटण दाबलं, यादी आली. बंद करून परत केलं, तीच यादी आली. ‘हे’ म्हणाले, आता नावं उलट्या क्रमाने घाल. तिने घातली. नावं सगळी बदलली, पण उचलली गेली त्याच जागांवरून. मुक्ता म्हणाली, बघा, कितव्या जागेवर आहे तेवढंच त्याला कळतं, नाव कोणाचं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ‘ह्यांनी’ तिला आणखी एकदा करायला लावलं. मग चष्मा काढून रुमालाने पुसत बसले, बराच वेळ. मुक्ता आंघोळीला गेली.

मी भांडी आवरायला घेतली, तेव्हा ‘हे’ म्हणाले, “कमलवहिनींना फोन लाव.”

मी म्हटलं, “आता? इतक्या वर्षांनी काय सांगणार?”

“सांगतो, मी काही केलं नव्हतं म्हणून.”

मला एकदम भरून आलं आणि रागही आला. म्हटलं, “अहो, मग हे तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलंत त्यांना? आणि मला?”

‘ह्यांनी’ चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

“तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं? तुझा नंबर पहिला यावा असं मनात होतं माझ्या. वाटलं, लिहिताना माझ्याच हातून गेलं असेल काहीतरी.”

मी हात पुसले आणि फोन लावला.